जुन्या गाडीतून तोरणमाळ

(मंडळाच्या वर्धापनदिनी वाचून दाखविलेले भाषण)



आठ दिवसांपूर्वी चिटणीसबाई घरी आल्या आणि म्हणाल्या, वर्धापनदिनी तोरणमाळच्या सहलीवर तुम्ही बोलायचे. मी म्हटले, मी सातवी शिकलेली बाई, मला भाषण कुठले येणार? तर त्या म्हणाल्या, "भाषण नकोच. काय झालं ते सांगा." आता काय झाले ते मी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एकदा तोंडी सांगितलेले आहे, आणि तुम्ही सर्वजणी पोट धरून हसलाही आहात. पण त्या वेळी त्यातली एक गोष्ट मी गाळली होती. ती आज सांगायची म्हणून कागदावर लिहून आणले आहे. नाहीतर ऐन वेळी पुन्हा गाळून बसेन.

आधी गाडीचे सांगते, कारण सहल निघाली ती गाडीमुळे.

आमच्या दारात निंबाखाली जी पांढरी ॲम्बॅसॅडर उभी असते ती तुम्ही सर्वांनी पाहिली आहे. तुमच्यापैकी दोघीतिघींच्या लग्नात वरातीलाही ती होती. मामंजींनी ती कोणाकडून तरी जुनी घेतली. बनावट १९६८ ची, मार्क टू. ॲम्बॅसॅडर गाडी आपल्या देशात १९५८ पासून बनू लागली, बंगालमध्ये कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याला. इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्ड गाडीवरून ती घेतलेली. २०१४ साली तो कारखाना बंद पडला. आता नवी ॲम्बॅसॅडर कोठेच मिळायची नाही. मामंजींचा मिरचीचा धंदा. गाडीत माणसे कमी आणि मिरचीचे नमुने जास्त बसले. अजूनही उन्हात गाडी तापली की मागच्या सीटमधून खकाणा येतो आणि बसणारी बाई शिंकू लागते.

मामंजी गेले आणि गाडीला घरात कोणी वाली उरला नाही. पंधरा वर्षांवरच्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते. पूर्वी त्याला ६०० रुपये लागत, २०२२ च्या एप्रिलमध्ये ते ५,००० झाले होते. त्याशिवाय दुरुस्ती. घरात रोज एकच बोलणे, की भंगारात द्या. माझा धाकटा म्हणाला, २०२१ पासून सरकारने नवा नियम केला आहे. पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज म्हणून वेगळा नंबर मिळतो, आपण तसे करू. मला बरे वाटले. मग त्यानेच पुढचे वाचून दाखवले, की तशी नोंद केली तर गाडी रोजच्या कामाला रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणे, एवढ्यापुरतीच. म्हणजे गाडी जिवंत ठेवायची आणि घरात कोंडायची. सासूबाई शेजारी गहू निवडत होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "माझ्यासारखंच की मग."

सगळे हसले. मला हसू आले नाही. कारण त्याच रात्री त्यांनी मला विचारले, "तोरणमाळ केवढं लांब आहे गं?" नंदुरबारात लग्न होऊन आल्याला त्यांना पंचावन्न वर्षे झाली. दारात गाडी. शंभर किलोमीटरच्या आतबाहेर अंतर. आणि त्या एकदाही गेल्या नव्हत्या. गाडीत त्या बसल्या त्या लग्नाला, मयतीला आणि दवाखान्याला, आणि कायम मागच्या सीटवर. पुढची सीट पुरुषांची.

म्हणून ठरवले, की भंगारात जाण्याआधी एकदा हिच्यातूनच तोरणमाळ पाहायचे. मंडळातल्या आणखी तिघी तयार झाल्या. त्या इथेच बसल्या आहेत, नावे घेत नाही. गाडी चालवायला मामंजींच्या वेळचे ड्रायव्हरकाका. त्यांचेही वय सत्तरीला टेकले आहे, पण त्या गाडीचे गिअर दुसऱ्या कोणाच्या हाताला लागत नाहीत. ते स्टिअरिंगच्या दांड्यालाच आहेत, त्यामुळे पुढे अखंड बाक आणि तिघांना ऐसपैस बसता येते. तिथली ठिकाणे दाखवायला तोरणमाळचीच एक पावरा समाजाची मुलगी ठरवली. ती शहाद्याला कॉलेजात शिकत होती आणि सुटीच्या दिवशी पाहुण्यांना डोंगर दाखवायचे काम करीत होती. म्हणजे आम्ही पाच, ती सहावी आणि काका सातवे.

२०२४ च्या जानेवारीतला रविवार. पहाटे चारला उठून मी आणि सासूबाईंनी दशम्या केल्या. दुधात भिजवलेली दशमी दोन दिवस मऊ राहते, प्रवासाला तिच्यासारखे दुसरे काही नाही. वांग्याचे भरीत, हिरव्या मिरचीचा ठेचा, शेंगदाण्याची चटणी, फुणके आणि गूळ. भरीत डब्यात भरू नका, पाणी सुटते, असे मी सांगत होते. ऐकले नाही. पाणी सुटले.

ताटांची पिशवी मी भरली. स्टीलची पाच ताटे घेतली. आणि कागदी पत्रावळ्यांचे एक बारा नगांचे पुडके घेतले. हे लक्षात ठेवा.

गाडी सुरू होईना. मग काकांनी पुढून हँडल घालून फिरवले आणि तिसऱ्या फेरीला ती खोकत उठली. सासूबाई सवयीने मागचे दार उघडू लागल्या. मी म्हटले, "आई, पुढे बसा." त्या म्हणाल्या, "लोक काय म्हणतील?" पहाटे साडेपाचला आमच्या गल्लीत लोक म्हणजे एक दूधवाला. बसल्या. शहर सोडेपर्यंत पदर नाकापर्यंत ओढून बसल्या आणि मग हळूहळू पदर खांद्यावर आला.

नंदुरबारबाहेर मिरचीच्या पथाऱ्या तुम्ही आम्ही दरवर्षी पाहतो. पण सूर्य उगवताना, गाडीच्या उघड्या काचेतून ते लाल शेतच्या शेत पाहणे निराळे. त्या पथाऱ्यांवर पाठीचा कणा मोडून बसलेल्या बायाही दिसल्या. आमच्याच घराच्या धंद्यावर अशा किती जणी राबल्या असतील, हे मनात आले. पण गाडी पुढे गेली आणि तो विचारही मागे राहिला.

प्रकाश्याला उतरलो. तापी आणि गोमाईचा संगम, केदारेश्वराचे दर्शन. आपण याला दक्षिणकाशी म्हणतो ते सर्वांना ठाऊक आहे. पण त्याच गावच्या टेकाडात १९५५ साली पुरातत्त्व खात्याने खणले, तेव्हा हजारो वर्षांपूर्वीच्या, तांबे आणि दगडाची हत्यारे दोन्ही वापरणाऱ्या वस्तीच्या खुणा निघाल्या, हे मला धाकट्याच्या पुस्तकातून कळले. म्हणजे आपल्या आधीही तापीकाठी बायका भांडी घासत होत्या. संगमावर मी एक चूक केली. काकांनी गाडीसाठी पाण्याचे दोन डबे भरून घेतले होते. त्यातल्या एकात मी पेरू धुतले, आणि राहिलेल्यात सर्वांनी पाय धुतले. नदी समोर असताना! पण नदीपर्यंत उतरायला पायऱ्या, आणि डबा हाताशी.

शहाद्याला ती मुलगी स्टँडवर उभी होती. पंजाबी पोशाख, पायात बूट, हातात एक लहान गाठोडे. पुढच्या बाकावर सासूबाई आणि माझ्यामध्ये ती बसली. केळी, पपई आणि उसाचे मळे दोन्ही बाजूंना. म्हसावद मागे पडले, राणीपूर आले, आणि सातपुडा एकदम समोर उभा राहिला. आपल्या घरांच्या गच्चीवरून जी निळी रेघ दिसते ती हीच, हे जवळ गेल्यावर खरे वाटत नाही.

इथून ती मुलगी बोलू लागली. तोवर गप्प होती. हा अंजन, हा सालई, याचा डिंक काढतात, ही चारोळी, हा तेंदू. मोहाची झाडे तर तिने इतकी दाखवली की आमच्यातली एक म्हणाली, "जंगल म्हणजे सगळं सारखंच दिसतं बाई." मुलगी म्हणाली, "सारखं नाही मावशी. तो वळणावरचा मोह आमच्या काकांचा. त्याच्या पलीकडचे दोन दुसऱ्या घरचे. फुलं पडतात तेव्हा ज्याच्या झाडाची त्यानेच वेचायची." सरकारच्या कागदावर ते जंगल सरकारचे. पण कोणते झाड कोणाचे, हे पाड्यावरच्या लहान पोरालाही माहीत असते. मार्च-एप्रिलात पहाटे फुले पडतात, उजाडायच्या आत टोपली घेऊन जायचे, नाहीतर गुरे खातात. आपण मोह म्हटले की दारू एवढेच जाणतो. ती म्हणाली, वाळवून ठेवलेली फुले पावसाळ्यात धान्य संपले की भाकरीबरोबर खातात.

मग सात पायरीचा घाट लागला. एकावर एक सात रस्ते डोंगराला गुंडाळलेले दिसतात, खालून पाहिले तर जिन्यासारखे. ॲम्बॅसॅडर पहिल्या आणि दुसऱ्या गिअरवर कण्हत चढू लागली. तिसऱ्या का चौथ्या वळणावर समोरून वाफ निघाली, गाडीने दोन आचके दिले आणि थांबली.

हे असे का होते ते मला काकांनी तिथेच समजावून दिले आणि मला ते पटले, म्हणून सांगते. जुन्या गाडीत इंजिन थंड ठेवणारा पंखा इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरतो. चढावर गाडी रेंगाळते, पंखाही मंद होतो, आणि समोरून येणारा वाराही कमी. पण इंजिनाला काम मात्र दुप्पट. पाणी उकळते. शिवाय पेट्रोल ओढणारा पंप इंजिनाला चिकटून बसवलेला असतो. तो तापला की आतल्या पेट्रोलची वाफ होते, आणि पंपाला वाफ ओढता येत नाही. मग टाकीत पेट्रोल असून गाडी उपाशी. त्यावर उपाय म्हणजे पंपावर ओले फडके. आणि रेडिएटरचे झाकण तापलेले असताना मुळीच उघडायचे नाही, हात भाजून निघतो. अर्धा तास थांबायचे.

थांबलो. फडके म्हणून मी माझा नवा टॉवेल दिला. एक डबा फडके भिजवण्यात आणि रेडिएटरमध्ये संपला आणि पुरला नाही. दुसरा डबा, तुम्हाला माहीतच आहे, आमच्या पायांवर गेला होता. मोबाइलला रेंज नाही. पिण्याच्या पाण्याच्या बाटल्या होत्या तीन, त्याही काकांनी मागून घेतल्या. काका मला काही बोलले नाहीत. नुसते रिकाम्या डब्याकडे पाहिले. बोलले असते तर बरे झाले असते.

मुलगी म्हणाली, "मी येते," आणि रस्ता सोडून खाली उतरली. पाऊलवाट आम्हाला दिसतही नव्हती. पाऊण तास झाला. आमच्यातली एक म्हणाली, "पैसे आधी दिलेत ना तिला? आता कशाला येतेय." मी काही म्हटले नाही, पण माझ्याही मनात तेच आले होते.

ती आली. डोक्यावर हंडा. आणि तिच्यामागे एक बाई, तीही हंडा घेऊन. ती तिची मावशी, खालच्या पाड्यावरची. हिवाळ्यात झरा आटत येतो, तो हंडा भरायलाच वेळ लागला, म्हणून उशीर. चढ असा की रिकाम्या हाताने आपल्याला दम लागावा. एक हंडा गाडीला गेला. दुसरा मावशीने आमच्यापुढे ठेवला आणि पावरीत काहीतरी म्हणाली. मुलीने सांगितले, "मावशी म्हणते, तुम्हीही तापला असाल."

माझ्या सासूबाईंचा तांब्या तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. परक्या घरी त्या पाणी पीत नाहीत. लग्नात जेवायला बसल्या तरी तांब्या बरोबर असतो. तो तांब्या पहाटेच रिकामा झाला होता. मी त्यांच्याकडे पाहिले. त्यांनी तांब्या हंड्यात बुडवला, उभ्यानेच प्यायल्या, पुन्हा बुडवला आणि माझ्यापुढे धरला.

आता मी गाळलेली गोष्ट.

गाडी वर पोहोचली तेव्हा दुपारचा एक वाजून गेला होता. तोरणमाळ साडेअकराशे मीटरच्या आसपास उंच. उन्हातही अंगाला गारवा लागतो. यशवंत तलावाच्या काठी सतरंजी टाकली. डबे उघडले. मी पिशवीतून स्टीलची पाच ताटे काढून आमच्या पाच जणींपुढे मांडली, आणि पत्रावळ्यांचे पुडके फोडून एक काकांसाठी आणि एक त्या मुलीसाठी काढली. हे मी विचार करून केले नाही. पहाटे पिशवी भरतानाच ते ठरून गेले होते. घरात तसेच असते, कपाटाच्या खालच्या फळीवर वेगळे कप असतात. ज्या मुलीने दोन तासांपूर्वी पाणी आणले, तिचे पाणी पोटात असताना मी तिला वेगळे पान काढले. आणि मनात म्हणत होते, की सासूबाईंना चालणार नाही म्हणून करते आहे.

मुलीने ते पाहिले. ती उठून दहा पावलांवर एका दगडावर जाऊन बसली आणि आपले गाठोडे सोडू लागली. मक्याची भाकरी आणि चटणी.

सासूबाईंनी मला विचारले, "ताटं किती आणलीस?"

मी म्हटले, "पाच."

"आणि माणसं किती?"

मी गप्प. त्यांनी आपले ताट उचलले, आणि त्या मुलीला हाक मारली, "ये गं इकडे. हे ताट घे."

मुलगी आली. रागावली नव्हती, निदान तसे दाखवले नाही. म्हणाली, "आजी, मला कागदाचं चालतं. घासायला लागत नाही."

सासूबाईंनी क्षणभर तिच्याकडे पाहिले आणि हसल्या. म्हणाल्या, "मग मलाही तेच दे. पंचावन्न वर्षं घासतेय, मला कुठं आवडतं?"

स्टीलची पाचही ताटे पिशवीत परत गेली. सर्वांनी पत्रावळीवर जेवण केले. मुलीच्या चटणीत आमचूर होता. आपल्याकडे धडगावकडचा आमचूर बाजारात येतो, पण तो कसा होतो हे मी कधी विचारले नव्हते. एप्रिल-मे मध्ये कैऱ्या उतरवायच्या, घरातल्या साऱ्या बायांनी बसून सोलायच्या, फोडी करून अंगणात वाळवायच्या. त्या दिवसांत एक वळीव पडला तरी फोडी काळ्या पडतात आणि व्यापारी भाव पाडतो. मुलीच्या आईची बोटे त्या आंबटपणाने दोन महिने फाटलेली असतात. माझ्या मामंजींनी मिरचीचा भाव कसा पाडावा लागतो हे कौतुकाने सांगितलेले मला आठवत होते. ते मी तिथे बोलले नाही.

काका मात्र पंगतीला आले नाहीत. सासूबाईंनी दोनदा बोलावले. "गाडीजवळ कोणीतरी हवं," म्हणून पत्रावळ घेऊन बंपरपाशी उभ्यानेच जेवले. इतक्या वर्षांची त्यांची सवय एका दुपारी कुठून जाणार! मोडायची तर ती आमच्याकडून मोडायला हवी होती, आणि ती पूर्वीच.

जेवण झाल्यावर एकीने पत्रावळ्या तलावाकडे भिरकावल्या. मुलीने जाऊन त्या वेचून आणल्या आणि डिकीत ठेवल्या. या वेळी मात्र तिचा चेहरा बदलला होता.

पुढचे तुम्ही ऐकलेले आहे, म्हणून थोडक्यात. गोरखनाथाचे मंदिर पाहिले. महाशिवरात्रीला इथे मोठी यात्रा भरते, मध्यप्रदेश आणि गुजरातेतूनही माणसे डोंगर तुडवत येतात. मच्छिंद्रनाथांची गुहा पाहिली. सीताखाई पाहिली, जानेवारीत धबधबा नव्हता, नुसती खोल दरी आणि वारा. कमळांचा तलाव पाहिला. सीताखाईच्या काठावर सासूबाई बराच वेळ बसून राहिल्या. मी विचारले, "काय पाहता?" तर म्हणाल्या, "काही नाही. कोणाचा चहा व्हायचा नाहीय, म्हणून बसलेय."

परतीला उतार, गाडीने काही त्रास दिला नाही. त्या मावशीचा हंडा परत द्यायला मुलगी वळणावर उतरली. मी तिला ठरल्यापेक्षा शंभर रुपये जास्त देऊ लागले. तिने ते परत केले आणि म्हणाली, "उन्हाळ्यात आमचूर घ्या. त्याचा भाव सांगीन तो द्या."

तो आपण त्या उन्हाळ्यात घेतला. मंडळाच्या सभेत यावर दोन मते झाली हे मी लपवत नाही. काहींचे म्हणणे, बाजारात किलोमागे थोडा स्वस्त मिळतो, मग मंडळाने कशाला मध्ये पडावे. माझे मत मी तेव्हा मांडले नाही, कारण मांडायचे तर पत्रावळीची गोष्ट सांगावी लागली असती. आज सांगितली. आता मांडते, की दर उन्हाळ्यात घ्यावा.

आमच्या घरी कपाटाच्या खालच्या फळीवरचे कप आता वरच्या फळीवर आहेत. काकांना अजून त्यातल्याच ठरावीक कपात चहा लागतो, दुसऱ्यात दिला तर ओट्यावर ठेवून निघून जातात. काय करावे ते मला सुचलेले नाही. कोणाला सुचत असेल तर सांगा.

गाडी भंगारात गेली नाही. सासूबाईंनी घरात सांगून टाकले, की मी आहे तोवर ती दारात राहील. पाच हजार रुपये त्यांनी आपल्या पेटीतून काढून दिले. पाऊस संपला की पुन्हा जायचे ठरते आहे, या वेळी उनपदेवच्या गरम पाण्याच्या झऱ्याकडे. जागा चारच आहेत, कारण पुढच्या बाकावरची खिडकीकडची सासूबाईंनी आधीच धरून ठेवली आहे. ज्यांना यायचे असेल त्यांनी चिटणीसबाईंकडे नावे द्यावीत. पंख्याचा पट्टा नवा घातला आहे. पाण्याचे डबे चार घेणार आहोत, आणि ते काकांच्या ताब्यात राहतील.